पीएच ठीक दिसतोय, पण प्लांट आंबलाय : वायनरीच्या ईटीपीत आम्ल का साचतं?

रात्रपाळी · ४ फेब्रुवारी, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. दिंडोरीकडच्या एका छोट्या वायनरीत ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, सांभाळतो. कोणती ते विचारू नका, नोकरी आहे.

आमचा १२० घनमीटरचा यूएएसबी रिॲक्टर आहे, म्हणजे हवेविना जिवाणूंकडून घाण फोडून घेणारी टाकी. पाणी खालून वर चढतं आणि वाटेत दाणेदार गाळाच्या थरातून जातं. एरवी रोज ३० घनमीटर पाणी, सीओडी (पाण्यातली घाण फोडायला लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) पाच हजारांच्या आसपास. गॅस साठेक घनमीटर निघायचा, तो बॉयलरला जायचा. गेल्या महिन्याच्या २४ तारखेला क्रशिंग (द्राक्षं चिरडणं) सुरू झालं आणि पाणी झालं ४० घनमीटर, सीओडी बारा हजार. पहिले चार दिवस गॅस वाढला, सगळे खूश. पाचव्या दिवसापासून उतरायला लागला. आज २२. ज्योत धड धरत नाही, फुर्र करून विझते.

बाहेर पडणाऱ्या पाण्याला आंबूस वास आहे. ताकाचा नाही, त्याच्या बराच पुढचा. पीएच ६.८, नेहमी ७ असतो. साहेब म्हणतात, पीएच तर ठीक आहे, तू उगाच घाबरतोस.

पुढच्या एरेशन टँकचा, म्हणजे हवा फुंकायच्या टाकीचा, गाळही बसेनासा झालाय. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्ध्या तासात ३०० वर यायचा, आज ८५० वर लोंबकळतोय, पिंजलेल्या कापसासारखा. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे का?


गोदाकाठचा · ४ फेब्रुवारी, रात्री ११:४१

वायनरीत आंबलं म्हणून तक्रार करणारा पहिलाच माणूस बघितला. (ह. घ्या.)


ब्युरेटताई · ५ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

रात्रपाळी, संबंध आहे आणि तुमची भीती बरोबर आहे. तुमच्याकडे व्हीएफए साचलंय, व्होलाटाइल फॅटी ॲसिड्स. नाव भारदस्त आहे, पण मंडळी ओळखीची आहेत. ॲसेटिक म्हणजे व्हिनेगरमधलं, ब्युटिरिक म्हणजे खवट लोण्यातलं, व्हॅलेरिक म्हणजे दोन दिवस बुटात राहिलेल्या मोज्याच्या जवळपास जाणारं. आणि प्रोपिओनिक, ज्याच्याबद्दल खाली लिहिते. ताकाच्या पुढचा वास म्हणालात, तो बहुधा ब्युटिरिकचा.

ही आम्लं तयार होणं हा बिघाड नव्हे. साखर थेट मिथेन होत नाही. जिवाणूंची एक टोळी साखरेची आम्लं करते, दुसरी मोठ्या आम्लांचं ॲसेटिक आणि हायड्रोजन करते, तिसरी त्याचा मिथेन करते. ढोबळमानाने मिथेनमधला ७० टक्के वाटा एकट्या ॲसेटिकमधून येतो. म्हणजे तुमचा गॅस आम्लातूनच निघतो.

गोची वेगाची आहे. आम्ल करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, मिथेन करणाऱ्यांना काही दिवस लागतात. तुमचा रोजचा भार १५० किलो सीओडी होता, तो एका फटक्यात ४८० झाला. पहिल्या टोळीला मेजवानी, तिसरीच्या ताटात ढीग. शिवाय ढीग वाढला की हायड्रोजनही साचतो. प्रोपिओनिक फोडणाऱ्या जिवाणूंना हायड्रोजन जवळजवळ शून्य लागतो, तो थोडा जरी चढला तरी त्यांचं काम थांबतं. म्हणून आम्लं वेगवेगळी मोजली की प्रोपिओनिक चढलेलं दिसतं आणि बाकीचं आवरलं तरी ते सगळ्यात शेवटी उतरतं.

आता पीएच. पाण्यात बायकार्बोनेट आहे तोवर ते आम्लाचा मार खात राहतं आणि पीएच जेमतेम हलतो. बायकार्बोनेट संपलं की तो दरडीसारखा कोसळतो. तेव्हा पीएचकडे बघत बसणं म्हणजे पगार कधी संपेल हे खिशातल्या नाण्यांवरून ठरवणं.

लॅबमध्ये ब्युरेट आहे ना? मग हे करा. नमुना कागदातून गाळून २० मिली घ्या. पीएच मीटर आधी ४ आणि ७ च्या बफरने जुळवा. ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक सावकाश सोडत पीएच ५.० वर आणा, त्यासाठी लागलेले मिली म्हणजे 'अ'. तसंच पुढे ४.४ पर्यंत जा, त्यासाठी जास्तीचं लागलेलं ते 'ब'. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) = अ × २५०. आम्ल = (ब × १.६६ − ०.१५) × ५००. मग आम्लाला अल्कलिनिटीने भागा. ०.३ च्या आत असेल तर निवांत. ०.४ च्या वर गेलं की फीडला, म्हणजे रिॲक्टरमध्ये सोडायच्या पाण्याला, हात घाला. ०.८ च्या पुढे असेल तर मला फोन करू नका, फीड बंद करा. आकडे इथे टाका.


सातपूरचा सल्लागार · ५ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

नमस्कार. हा बॅक्टेरियल इम्बॅलन्स आहे. आमच्याकडे खास कल्चर पावडर आहे, रोज २ किलो टाका, सात दिवसांत रिझल्ट. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


गोदाकाठचा · ५ फेब्रुवारी, सकाळी १०:२२

आले. उशीर केलात.


रात्रपाळी · ५ फेब्रुवारी, दुपारी ४:५०

ताई, केलं टायट्रेशन. दोनदा केलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसेना.

अ = ६.८, ब = १.९. म्हणजे अल्कलिनिटी १७००, आम्ल १५०२. भागाकार ०.८८. पीएच आज ६.६.

कागद साहेबांपुढे ठेवला. ते म्हणाले, "आता काय करायचं?" काल हेच म्हणत होते की काही करायचं नाही.


ब्युरेटताई · ५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१०

फीड पूर्ण बंद, निदान दोन दिवस. आत फिरवणी चालू ठेवा, म्हणजे साचलेलं आम्ल गाळाच्या वाट्याला येत राहील. ते खाऊ द्या.

घाई का, तेही सांगते. आम्लाचा जो भाग पाण्यात विघटित न होता शिल्लक असतो, तोच पेशीच्या भिंतीतून आत शिरतो आणि आतून पेशी आंबवतो. पीएच ७ ला ॲसेटिकचा असा भाग हजारात पाच-सहा असतो. ५.८ ला शंभरात आठ. आम्ल तेवढंच, विष पंधरापट. ६.६ हा उतार आहे, अजून दरी नाही.

दोन प्रश्न. रिॲक्टरचं तापमान किती? आणि टाक्या धुतल्याचं पाणी कुठे जातं?


रात्रपाळी · ५ फेब्रुवारी, रात्री ९:३०

तापमान २० अंश. बाहेर पहाटे आठ. टाक्या कॉस्टिक सोड्याने धुतात, मग सायट्रिक आम्लाने, सगळं इक्वलायझेशनला, म्हणजे सगळं पाणी एकत्र करायच्या टाकीत, येतं. तिथला पीएच सकाळी ४, दुपारी ११ असा नाचतो.


ब्युरेटताई · ५ फेब्रुवारी, रात्री ९:५२

सापडलं म्हणायचं. या जिवाणूंना ३५ अंश मानवतात. थंडीत सगळेच मंदावतात, पण मिथेनवाले जास्त. आपल्याकडे निफाडचा पारा पाचाच्या खाली जातो तेच दिवस आणि द्राक्ष तोडणीचे तेच दिवस. वर्षातलं सगळ्यात गोड पाणी सगळ्यात थंड रिॲक्टरला पाजायचं, असं आपलं नाशिकचं वेळापत्रक आहे. यावरचं पुस्तकी ज्ञान मला युरोपातलं मिळालं. तिथे तोडणी सप्टेंबरमध्ये होते, त्यांना हा पेच असा पडत नाही.

आणि कॉस्टिकने तुमचा फीड पीएच वर ओढला म्हणून साहेबांना सगळं ठीक वाटलं.


निफाडकर आबा · ६ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

मी शिकलेला नाही, पण गोबरगॅस ३० वर्षं चालवला. पोराच्या लग्नात उरलेला भात, बुंदी आणि दोन घमेली कांद्याची पात एका दिवशी टाकली होती. तिसऱ्या दिवशी गॅस भरपूर, पण पेटेना. टाकीवर उभं राहिलं की नाक धरावं लागे. आम्ही म्हणायचो टाकी आंबली. उपाय एकच. आठ दिवस काही टाकायचं नाही, आणि शेजारच्या चालू टाकीची मळी चार बादल्या आणून ओतायची. दुधाला विरजण लागतं तसं. तुम्ही कोणाची मळी आणा.


ब्युरेटताई · ६ फेब्रुवारी, सकाळी ८:००

आबा, विरजणाचं एकदम पटलं. गॅस पेटत नव्हता कारण त्यात कार्बन डायऑक्साइड चढला होता. आम्लवाले तो करतात आणि मिथेनवाले तेव्हा संपावर.

फक्त यूएएसबीत शेणाची मळी तशीच घालू नका. तंतू आणि भुसा खालच्या नळ्यांत बसतो, दाणेदार गाळाचं नुकसान होतं. दुसऱ्या ईटीपीच्या यूएएसबीचा गाळ मिळाला तर सोनं.


निफाडकर आबा · ६ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

गाळून घाला म्हणजे झालं. मळी फुकट मिळते, तुमच्या सोन्याला टँकर लागतो.


पाइपफिटर · ६ फेब्रुवारी, दुपारी १:१५

आबा, गाळूनही बारीक तूस जातंच. मी अशा नळ्या मोकळ्या केल्यात. तीन दिवस अंगाचा वास गेला नव्हता, बायकोने अंगणात आंघोळ घातली.


रात्रपाळी · ६ फेब्रुवारी, रात्री १०:०५

ठेकेदार म्हणतो चुना टाक, स्वस्त आहे. ५० किलो आणूनही ठेवलाय. टाकू?


ब्युरेटताई · ६ फेब्रुवारी, रात्री १०:३०

थांबा! चुना रिॲक्टरमधला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. गॅस होल्डरमध्ये दाब एकदम पडू शकतो, घुमट आत दबलेले मी पाहिलेत. वर कॅल्शियम कार्बोनेट होऊन गाळाच्या दाण्यांवर आणि पाइपांत दगड बसतो.

खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट वापरा. जे कमी पडलंय तेच थेट देता येतं. १२० घनमीटरची अल्कलिनिटी ५०० ने वाढवायला सुमारे १०० किलो लागेल. एकदम नाही, तीन-चार हप्त्यांत, पाण्यात विरघळवून.


काळी माती · ७ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

मध्येच तोंड घालतो. रात्रपाळी, तुमचं शुद्ध केलेलं पाणी बागेला ठिबकने जात असेल ना? मग सोडा जपून. सोडियमने आपल्या काळ्या मातीची रचना मोडते, पाणी मुरत नाही, वर पापुद्रा धरतो. तुमचं कॉस्टिक आधीच त्यात आहे. आमच्या शेजाऱ्याच्या दोन एकरात असंच झालं, पाऊस पडून आठवडा झाला तरी पाय रुततो आणि मुळं मात्र कोरडी. पाण्याचा एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती ते) तपासून घ्या.

पोटॅशियम बायकार्बोनेट हा पर्याय कोणी सुचवेल, पण महाग पडतो. शिवाय वाइनच्या द्राक्षाला पालाश फार झाला तर रसाचा पीएच चढतो, मग वाइनमेकर तुमच्या मागे लागेल.


ब्युरेटताई · ७ फेब्रुवारी, सकाळी ९:४५

काळी माती, बरोबर टोकलंत. म्हणून सोडा हे औषध म्हणूनच, रोजचं जेवण नको. रोजच्यासाठी दोन गोष्टी. कॉस्टिकचं धुणं वेगळ्या टाकीत साठवा आणि आंबट पाण्याच्या वेळीच थोडं थोडं मिसळा, म्हणजे विकत घेतलेलंच दोनदा कामी येतं आणि वेगळा सोडा लागत नाही. दुसरं, द्राक्षाच्या पाण्यात साखर भरपूर आणि नत्र नावाला. हवेविना चालणाऱ्या रिॲक्टरला ३५० भाग सीओडीमागे साधारण ५ भाग नत्र लागतं. १५० किलो सीओडीला दोन किलोच्या वर नत्र, म्हणजे साडेचार-पाच किलो युरिया. युरिया फुटला की अमोनिया आणि बायकार्बोनेट होतं, म्हणजे अल्कलिनिटीलाही हातभार.


नाल्याकाठी · ७ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

तुमचं सगळं शास्त्र वाचलं. मी अशाच एका वायनरीच्या खालच्या अंगाला राहतो. तुमचीच असं म्हणत नाही. दरवर्षी फेब्रुवारीत ओढ्याला ओकारीसारखा वास येतो. मागच्या वर्षी ओढ्यातले मासे पांढरं पोट वर करून तरंगत होते, पोरं काठीने ढोसत होती. तक्रार केली तर सरकारी पाहुणे येऊन नमुना घेऊन गेले, तोही वास नसलेल्या दिवशी. त्या ओढ्याचं पाणी पुढे गोदावरीलाच मिळतं. २०२७ च्या सिंहस्थाला घाटावर रंगरंगोटी चाललीय, वरून काय येतंय ते कोण बघणार?


एसटीपीवाला · ७ फेब्रुवारी, रात्री ८:००

नाल्याकाठी, मासे का मेले याचा हिशेब सोपा आहे. एक ग्रॅम ॲसेटिक आम्ल कुजायला १.०७ ग्रॅम ऑक्सिजन खातं, प्रोपिओनिक दीडपट, ब्युटिरिक त्याहून जास्त. रात्रपाळींच्या १५०० मिलिग्रॅमवाल्या एका लिटर पाण्याला निदान १६०० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागणार. स्वच्छ वाहत्या लिटरभर पाण्यात असतो आठ मिलिग्रॅम. म्हणजे असं एक लिटर सोडलं की २०० लिटर ओढा गुदमरला. नियमात नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला सीओडीची मर्यादा २५० आहे ती उगाच नाही.

रात्रपाळी, तुमच्या कापसासारख्या गाळाचंही उत्तर यातच आहे. यूएएसबीतून सुटलेलं आम्ल एरेशनला गेलं. तिथे त्यावर सूतासारखे लांब जिवाणू पोसले जातात, टाइप ०२१एन, थायोथ्रिक्स वगैरे. नत्र कमी असेल तर त्यांचं आणखी फावतं. ते एकमेकांत गुंततात, गाळ फुलतो आणि बसत नाही. पुढचा आजार वेगळा नाही, मागचाच आहे.

आता माझी भर. मी सांडपाण्याच्या प्लांटवर आहे आणि आम्ही हेच आम्ल मागून घेतो! फॉस्फरस काढणाऱ्या जिवाणूंना आधी हवा नसलेल्या टाकीत व्हीएफए खाऊ घालावं लागतं. ते पोटात साठवतात आणि पुढे हवेच्या टाकीत गेल्यावर फॉस्फरस अधाशासारखा उचलतात. नायट्रेट काढायलाही हे कार्बन चालतं. काही ठिकाणी प्राथमिक गाळ मुद्दाम आंबवतात, काही ठिकाणी ॲसेटेट चक्क विकत आणतात. गोदावरीत पाणवेली माजतात आणि वाहत नांदूरमध्यमेश्वरला जाऊन अडकतात, त्याला खतपाणी या फॉस्फरस आणि नत्राचंच. तुमच्याकडे जे विष, ते आमच्याकडे भाकरी.


गोदाकाठचा · ७ फेब्रुवारी, रात्री ८:१२

मग टँकर पाठवा की त्यांच्याकडे.


एसटीपीवाला · ७ फेब्रुवारी, रात्री ८:२०

भाऊ, डिझेलचा भाव बघा. पण कल्पना वाईट नाही.


सातपूरचा सल्लागार · ८ फेब्रुवारी, सकाळी ११:००

आमच्या पावडरने फिलामेंटस, म्हणजे ते सूतासारखे जिवाणूसुद्धा जातात.


ब्युरेटताई · ८ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

सल्लागार साहेब, २० अंशाला, ०.८८ भागाकारावर, नत्र नसलेल्या पाण्यात तुमची पावडरही आंबेल. आधी जागा राहण्यासारखी करू, मग पाहुणे बोलवू.


रात्रपाळी · १५ फेब्रुवारी, रात्री १०:४५

आठवड्याचा हिशेब देतो. फीड तीन दिवस बंद ठेवली. त्यासाठी साहेबांशी जे झालं ते लिहीत नाही. पाणी साठवायला जुनी दगडी टाकी साफ करून घेतली. सोडा तीन हप्त्यांत ९० किलो. बॉयलरच्या गरम कंडेन्सेटची (वाफेचं परत झालेलं पाणी) एक लाइन फीडच्या टाकीतून वेटोळं करून फिरवली, तापमान २६ वर आलं. पाइपफिटर भाऊ, तुमच्यासारखाच एक माणूस मिळाला. चौथ्या दिवशी १० घनमीटर फीड, युरिया सोबत. गाळ एका ओळखीच्या ईटीपीतून आणला, आबा, टँकरचं भाडं द्यावंच लागलं.

आज अ = ८.२, ब = १.४. अल्कलिनिटी २०५०, आम्ल १०८७, भागाकार ०.५३. वास कमी आहे. ज्योत धरते, पण पिवळट.


निफाडकर आबा · १६ फेब्रुवारी, सकाळी ६:१५

पिवळी ज्योत म्हणजे अजून आठ दिवस. घाई नको.


ब्युरेटताई · १६ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

आबांचं ऐका. फीड वाढवायची ती आकड्याकडे बघून. भागाकार ०.४ च्या खाली दोन दिवस राहिला की पाच घनमीटर वाढवा. वर गेला की आहे तिथे थांबा. साखरेचं पाणी आणि टाक्या धुण्याचं पाणी वेगळं केलंत का?


रात्रपाळी · १६ फेब्रुवारी, रात्री ९:००

केलं. धुण्याची टाकी वेगळी, व्हॉल्व्हवर लाल रंग मारलाय. पाळी बदलली तरी चुकू नये म्हणून.


नाल्याकाठी · १७ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

रात्रपाळी, तुमच्यासारखा एक जण आमच्या वरच्या वायनरीत असता तर. ब्युरेटताई, ओढ्याचं पाणी आम्हाला घरी तपासता येईल का? पीएचच्या पट्ट्या आहेत पोराच्या शाळेच्या.


ब्युरेटताई · १७ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

पट्टीने फार कळणार नाही, पाण्यातला बफर आम्ल झाकतो हे वर आलंच. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं किट मिळतं, ते घ्या. मोजमाप सूर्योदयाआधी करा, रात्रभर शेवाळंही ऑक्सिजन खातं म्हणून तेव्हा आकडा सगळ्यात कमी असतो. वास आल्या दिवशी, वास नसल्या दिवशी, वायनरीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला, चारही आकडे वेळेसकट वहीत. वही घेऊन गेलात तर तुमच्या पाहुण्यांना बोलणं टाळता येणार नाही.


रात्रपाळी · १२ मार्च, रात्री ११:१०

उशीर झाला, क्रशिंगमध्ये झोपच नव्हती. आज अ = ९.६, ब = ०.९. अल्कलिनिटी २४००, आम्ल ६७२, भागाकार ०.२८. पीएच ७.१. फीड ३५ घनमीटर. ज्योत निळी, शेगडीवर चहा करून पाळीतल्या सगळ्यांना पाजला. सिलिंडरमधला गाळ ३५० वर बसतोय. सोडा बंद करून बारा दिवस झाले.

आता नवीन. टाक्यांच्या तळाचा वाइनचा गाळ, लीज म्हणतात आमच्याकडे, पुढच्या महिन्यात निघेल. आठ हजार लिटर. सीओडी लाखाच्या घरात. साहेब म्हणतात रोज ५०० लिटर सोडू, सोळा दिवसांत मोकळे.


ब्युरेटताई · १३ मार्च, सकाळी ७:१५

५०० लिटर म्हणजे ५० किलो सीओडी. तुमच्या एरवीच्या रोजच्या भाराच्या तिसरा हिस्सा, तोही एका नळाने. आधी २०० लिटर, आठवडाभर. रोज अ आणि ब. आकडा हलला नाही तर ३००. आणि एकदम ओतायचं नाही, चोवीस तासांत ठिबकू द्या.


रात्रपाळी · १३ मार्च, रात्री १०:००

२०० ठरलं. दगडी टाकीला ठिबकचाच व्हॉल्व्ह बसवून घेतोय, बागेतला एक जुना पडून होता.